लिनक्समधलं सुरक्षेचं सॉफ्टवेअर आपोआप चालू असावं, की ज्याचं त्याने चालू करावं?

पाटीपेन्सिल

आमच्या कॉलेजच्या लॅबचा कारभार माझ्याकडे आहे. (पगार अर्थातच फक्त शिकवण्याचा.) यंदा सुट्टीत सगळ्या मशीनवर लिनक्स नव्याने टाकलं. मूळ डिस्क छोट्या, म्हणून दुसरी डिस्क लावून मुलांच्या होम डिरेक्टरी (ज्याच्या त्याच्या फाइलींची जागा, एरवी /होम मध्ये असते) /डेटा/होम इथे नेल्या. सगळं झकास चाललं होतं. पहिल्याच प्रॅक्टिकलला पोरांची ओरड सुरू: सर, पीडीएफ उघडत नाही. पीडीएफ दाखवणारा एव्हिन्स म्हणतो, परमिशन नाही. फाइल त्या मुलाच्याच मालकीची. मोड ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं) करून पाहिला, तरी नाही. तीच फाइल ब्राउझरमध्ये मात्र बिनतक्रार उघडते.

डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी, चाळताना एक ओळ सापडली. 'अॅपआर्मर' आणि 'डिनाइड' हे दोन शब्द, पुढे एव्हिन्सचं नाव आणि माझ्या फाइलचा अख्खा पाथ. म्हणजे मी न मागितलेलं, मला कुणी न सांगितलेलं काहीतरी पहिल्या दिवसापासून मशीनवर चालू होतं!

डिस्ट्रोचं, म्हणजे कुठलं लिनक्स टाकलं त्याचं, नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर 'ती कशाला टाकली, ही टाकायची' यावरच शंभर प्रतिसाद होतील. इलाज सांगाच, पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. असलं सॉफ्टवेअर डिस्ट्रोने परस्पर चालू करून द्यावं का? की बंद द्यावं आणि ज्याला हवं त्याने चालू करावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गावठी_रूट

सेटएन्फोर्स ०. पुढचा प्रश्न?

आबा_टर्मिनल

गावठी, ती आज्ञा एसईलिनक्सची अडवणूक थांबवणारी. ते याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर. यांच्याकडे अॅपआर्मर आहे. चुकीच्या रोग्याला चुकीचे औषध देऊ नये, तेही इतक्या आत्मविश्वासाने.

पाटीपेन्सिल, कुठल्या प्रोग्रामने कशाला हात लावावा हे अॅपआर्मर ठरवतो, आणि पाथ (फाइलचा पत्ता) पाहून निर्णय घेतो. एव्हिन्सच्या प्रोफाइलमध्ये (नियमावलीत) 'वापरकर्त्याच्या होममधल्या फाइली वाचता येतील' असे लिहिलेले असते आणि होम म्हणजे /होम असे ते धरून चालते. तुमची होम दुसरीकडे आहे हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. मोड ७७७ केल्याने काहीही फरक पडणार नाही, कारण नेहमीच्या परवानग्या वेगळ्या आणि ही तपासणी वेगळी. दोन्हींत पास व्हावे लागते. तो ७७७ मात्र आधी काढा. मुले एकमेकांच्या असाइनमेंट पाहत असतील.

उपाय सोपा. सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर अॅपआर्मर चालवा, ते 'होमच्या आणखी जागा कोणत्या' असे विचारेल. तिथे /डेटा/होम/ लिहा. शेवटची तिरपी रेघ विसरू नका.

गावठी_रूट

एवढं कशाला आबा. /होम ची सिमलिंक (शॉर्टकट) मारायची /डेटा/होम वर, विषय एंड.

आबा_टर्मिनल

नाही चालणार. कर्नल सिमलिंक उलगडून खरा पाथ काढते आणि तपासणी त्या खऱ्या पाथवर होते. बाइंड माउंट केलात, म्हणजे तो फोल्डर /होम वरही जोडलात, तर चालेल, तिथे पाथ खरोखरच /होम असा दिसतो.

हवालदार_७८६

माझं मत: चालूच असावं. सोसायटीचा वॉचमन बिल्डरने पहिल्या दिवसापासून ठेवलेला असतो, फ्लॅटवाल्याला विचारून नाही.

मृण्मयी_के

आणि तो वॉचमन तुमच्याच घरच्यांना गेटवर अडवून गप्प उभा राहतो. तुम्हाला इंटरकॉमही करत नाही. पाटीपेन्सिल यांची तक्रार तीच तर आहे.

झेंडू

वॉचमन पुरे. जरा इतिहास सांगते, कारण हा वाद वीस वर्षांचा जुना आहे.

एसईलिनक्सचा कोड अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेने डिसेंबर २००० मध्ये खुला केला, २००३ मध्ये तो मूळ कर्नलमध्ये आला. फेडोरा या डिस्ट्रोने २००४ मध्ये फेडोरा कोअर २ च्या चाचणी आवृत्तीत तो सरसकट सगळ्यांना चालू करून दिला. कडक धोरण, मशीनवरच्या प्रत्येक प्रोग्रामला नियम. हाहाकार झाला. नियम लिहिणाऱ्याने ज्याचा विचार केला नाही ते सगळं बंद पडायला लागलं. शेवटी कोअर २ बाहेर पडताना ते बंद ठेवावं लागलं.

मग त्याच वर्षी कोअर ३ मध्ये त्यांनी अक्कलहुशारीने पवित्रा बदलला. नाव ठेवलं 'टार्गेटेड' धोरण. नेटवर्ककडे तोंड करून बसलेले वेबसर्व्हर, नेमसर्व्हर, स्क्विड असे मोजकेच डेमन (मागे सतत चालणारे प्रोग्राम) बांधायचे, बाकी सगळं मोकळं. हे टिकलं. २००५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४ मध्येही तेच चालू होतं आणि पुढे एकेक प्रोग्राम त्यात येत गेला.

तेव्हा 'चालू की बंद' याच्या आधी 'किती चालू' हे विचारा. तोच अर्धा प्रश्न आहे.

चहाटळ

एनएसए म्हणालात? म्हणजे चोरानेच कुलूप बनवून दिलं 😂

झेंडू

@चहाटळ, हा विनोद सुरक्षेच्या प्रत्येक धाग्यावर येतो आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच: कोड उघडा आहे, वीसेक वर्षं जगभरचे लोक तो वाचतायत. सापडलं काही तर धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

निनाद_टोरांटो

इथे सर्व्हरच्या कामात आहे. एक नेहमीचा अनुभव: कुठल्याही विकतच्या सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलेशन गाइड उघडा, पहिली पायरी 'एसईलिनक्स डिसेबल करा, रीबूट करा'. का? तर त्यांच्या सपोर्टवाल्यांना फोन नकोत. एका विक्रेत्याला (नाव नको) मी विचारलं, तुमच्या प्रोग्रामला नक्की काय लागतं ते सांगा, नियम मी लिहितो. उत्तर आलं, आमची चाचणी बंद अवस्थेतच झालेली आहे. संपलं.

लॉग उघडून पाहिला तर प्रकरण एका बूलियनचं (चालू-बंद खटक्याचं) होतं. वेबसर्व्हरला डेटाबेसशी नेटवर्कवरून बोलायची परवानगी हवी होती. सेटसीबूल मायनस पी, पुढे त्या बूलियनचं नाव, पुढे १. एक ओळ. त्यासाठी हे लोक गिऱ्हाइकाच्या अख्ख्या मशीनची झडप उघडी ठेवायला सांगत होते.

आणि फायदा काय म्हणाल तर फेब्रुवारी २०१९ मधला, कंटेनर (मशीनमधली प्रोग्रामची बंदिस्त खोली) चालवणाऱ्या रन-सी चा दोष आठवा. कंटेनरच्या आतून बाहेर येऊन होस्टवरची (मूळ मशीनवरची) रन-सी ची बायनरीच बदलता येत होती. रेड हॅट ७ वर ज्यांचं एसईलिनक्स एन्फोर्सिंगमध्ये (प्रत्यक्ष अडवणाऱ्या अवस्थेत) होतं, त्यांच्याकडे तो हल्ला पॅच येण्याआधीच अडत होता. 'गाइडमध्ये लिहिलं होतं म्हणून' बंद करून बसलेल्यांची त्या दिवशी पळापळ झाली.

गावठी_रूट

निनादभाऊ, तुमच्याकडं नियम लिहायला माणूस हाय, पगार हाय. आमच्याकडं तालुक्याला सर्व्हर एक, त्याला बघणारा मी एक, आणि मीच प्रिंटरचा टोनर पण बदलतो. साहेबाला पेज दिसायला पायजे, नियम नको. रात्री साडेअकराला मी लॉग वाचू का बंद करून घरी जाऊ?

निनाद_टोरांटो

@गावठी_रूट, घरी जा, पण 'डिसेबल' करून नको. 'पर्मिसिव्ह' करून जा. अडवाअडवी थांबते पण नोंद होत राहते, सकाळी चहा पिताना लॉग वाचता येतो. आणि तेही अख्ख्या मशीनसाठी नको, एकट्या वेबसर्व्हरचं डोमेन (वेबसाइटचं नाव नव्हे, एसईलिनक्समधला त्या प्रोग्रामचा प्रकार) पर्मिसिव्ह करता येतं. 'सेमॅनेज पर्मिसिव्ह मायनस ए' आणि पुढे डोमेनचं नाव.

गावठी_रूट

हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

चहाटळ

गावठीने वाचनखूण साठवली! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

मृण्मयी_के

'आपोआप चालू नको' म्हणणाऱ्या सगळ्यांनी खिशातला फोन बाहेर काढा. अँड्रॉइड ४.३ मध्ये, २०१३ साली, एसईलिनक्स नुसतं नोंद घेण्यापुरतं आलं. ४.४ मध्ये काही भागांना लागू झालं आणि २०१४ च्या ५.० पासून पूर्ण एन्फोर्सिंग. कुणी विचारलं तुम्हाला? कुणाला कळलं तरी? बंद करायचं बटण सुद्धा सेटिंगमध्ये नाही. आणि तरी तुम्ही त्याच फोनवर यूपीआय करताय.

पाटीपेन्सिल

मृण्मयीताई, फोनचं उदाहरण मला पटत नाही. फोन बनवणाऱ्याला त्यात काय काय आहे ते शेवटच्या फाइलपर्यंत ठाऊक असतं, आणि अॅप कुठे लिहू शकतं हेही आधीच ठरलेलं. लिनक्सच्या मशीनवर मी डिस्क कुठेही जोडतो, होम कुठेही नेतो, सॉफ्टवेअर सोर्समधून बांधतो. ते स्वातंत्र्य आहे म्हणून तर लिनक्स. नियम लिहिणाऱ्याला माझी /डेटा/होम कशी ठाऊक असणार?

मृण्मयी_के

हा मुद्दा बरोबर आहे. मान्य.

आबा_टर्मिनल

अरेच्चा! या संस्थळावर कुणीतरी 'मान्य' म्हणाले. प्रशासकांनी धागा पिन करावा.

फायरफॉक्स_काका

अवांतर: उबंटूमध्ये यूएफडब्ल्यू नावाचा फायरवॉल २००८ पासून आहे, पण बंद! सुरक्षेचं सॉफ्टवेअर आपोआप चालू हवं म्हणता, मग फायरवॉल बंद का देतात?

झेंडू

काका, कारण ताज्या डेस्कटॉप इन्स्टॉलमध्ये बाहेरून जोडणी घ्यायला कुणी बसलेलंच नसतं, एमडीएनएससारखे (जवळची उपकरणं शोधणारे) थोडके अपवाद सोडले तर. पोर्ट (जोडणीचा दरवाजा) उघडा नाही तर अडवायचं काय, अशी त्यांची भूमिका. पुढे तुम्ही एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) टाकलंत की तुम्हाला ते उघडंच हवं असतं.

फेडोराचं आणखी मजेशीर आहे. तिथे फायरवॉल-डी चालू असतो, पण फेडोरा २१ पासून वर्कस्टेशन आवृत्तीत १०२५ ते ६५५३५ हे सगळे पोर्ट मोकळे. नाहीतर डीएलएनए (टीव्हीवर गाणी-चित्रपट पाठवणं), स्क्रीन शेअरिंग, गेम बंद पडतात आणि लोक मग फायरवॉलच काढून टाकतात, म्हणून. त्यावर केवढी भांडणं झाली. 'चालू आहे' असं म्हणायलाही मोकळे आणि कुणाचं अडतही नाही! मला विचाराल तर हा नुसता देखावा आहे. पण खालचे पोर्ट तरी बंद राहतात, असं त्यांचे समर्थक म्हणतात.

चहाटळ

धाग्याचा काश्मीर व्हायला लागला आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सौ_संगणक

मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. सुरक्षेचं सॉफ्टवेअर म्हणजे अँटिव्हायरस ना? लिनक्सला तो लागतो का? माझ्या ऑफिसात ऑडिटवाल्यांनी एक्सेल पाठवली, त्यात 'सर्व संगणकांवर अँटिव्हायरस: होय / नाही' एवढंच आहे. आमच्या चार लिनक्स मशीनपुढे 'नाही' लिहिलं तर लाल होतं.

आबा_टर्मिनल

मूर्ख प्रश्न मुळीच नाही. अँटिव्हायरस ओळखीच्या वाईट फाइली शोधतो. अॅपआर्मर किंवा एसईलिनक्स फाइल चांगली की वाईट ते बघतच नाहीत. हा प्रोग्राम एवढेच करू शकतो, इतके ठरवतात. पीडीएफमध्ये काहीतरी दडवलेले असेल आणि त्याने एव्हिन्सला फसवले, तरी एव्हिन्सच्या हातून तुमच्या एसएसएचच्या किल्ल्या वाचल्या जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. एव्हिन्सलाच प्रोफाइल का, याचे उत्तर पाटीपेन्सिल यांनाही यातच मिळेल. कुठूनही आलेली फाइल उघडणारा प्रोग्राम तो.

लाल रकाना हिरवा करायला क्लॅमएव्ही टाका. मेल सर्व्हरवर विंडोजवाल्यांसाठी त्याचा खरोखर उपयोग होतो. तुमच्या चार मशीनवर प्रामुख्याने ऑडिटवाल्यांसाठी होईल.

सौ_संगणक

धन्यवाद आबा. हिरवा झाला. 🙏

देबू_डेबियन

उशिरा आलो. डेबियनने हे कसं केलं ते सांगतो, कारण माझ्या मते तीच योग्य रीत आहे.

अॅपआर्मर डेबियनमध्ये कित्येक वर्षं पॅकेज म्हणून होतं. ज्याला हवं त्याने टाकावं, कर्नलला बूटच्या वेळी पॅरामीटर द्यावा. म्हणजे पाटीपेन्सिल म्हणतात तेच, 'हवं त्याने चालू करावं'. परिणाम? मोजके लोक वापरायचे, त्यामुळे प्रोफाइलमधले दोष कुणाला सापडायचे नाहीत, त्यामुळे प्रोफाइल कच्चे, त्यामुळे आणखी कुणी वापरायचं नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये विकसकांच्या यादीवर प्रस्ताव आला की पुढच्या आवृत्तीसाठी चालू करून बघू, नाही जमलं तर मागे घेऊ. त्याच वर्षी टेस्टिंगमध्ये (पुढच्या आवृत्तीच्या कच्च्या रूपात) चालू झालं आणि तक्रारी आल्या. थंडरबर्डचं प्रोफाइल त्यात सगळ्यात बदनाम. मेलमधली लिंक, अटॅचमेंट दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडायची म्हणजे थंडरबर्डला जगातलं काहीही चालवता यायला हवं, नियम लिहिणार कसा? मग त्यांनी एवढंच केलं की थंडरबर्डचं प्रोफाइल बंद ठेवलं आणि बाकीचं चालू राहू दिलं. ६ जुलै २०१९ ला बस्टर ही आवृत्ती आली ती अॅपआर्मर चालू घेऊनच.

'ऑप्शनल' ठेवलेली सुरक्षा कधी पिकत नाही, ती चालू करूनच पिकते. आणि ज्या प्रोग्रामला जमत नाही त्याला गुपचूप वगळायचं, त्यात कमीपणा मानायचा नाही.

गावठी_रूट

म्हणजे पिकेपर्यंत त्रास आम्ही काढायचा. टेस्टिंगवाल्यांनी काढला ते बरं झालं, पण ते काय होम डिरेक्टरी /डेटा वर नेत नसतात.

देबू_डेबियन

@गावठी_रूट, नेत असतात. म्हणूनच तर डीपीकेजी-रीकॉन्फिगरला तो प्रश्न आहे. फक्त तो इन्स्टॉलच्या वेळी कुणी विचारत नाही.

मृण्मयी_के

मला वाटतं मूळ दुखणं इथे आहे. पाटीपेन्सिलना चालू असल्याचा राग नाही, गप्प असल्याचा आहे. फेडोरावर निदान खिडकी येते, अमक्या प्रोग्रामला तमकं करताना अडवलं, आणि काय करता येईल याची सूचनाही येते. (सूचना दर वेळी शहाणपणाची असते असं नाही. कधी कधी ती चक्क 'नवा नियम बनवून परवानगी द्या' म्हणते आणि लोक देऊन टाकतात.) अॅपआर्मरमध्ये डेस्कटॉपवर सूचना देणारं पॅकेज आहे, अॅपआर्मर-नोटिफाय, पण ते वेगळं टाकावं लागतं. अडवणारा आपोआप आणि सांगणारा ऑप्शनल! हे उलटं झालं.

पाटीपेन्सिल

अगदी हेच! एव्हिन्सने 'परमिशन नाही' ऐवजी 'अॅपआर्मरने अडवलं' एवढं म्हटलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

आबा_टर्मिनल

एव्हिन्सला ते कळतच नाही. त्याला कर्नलकडून फक्त 'ईअॅक्सेस' हा एरर मिळतो. नेहमीच्या परवानगीमुळे नकार असो की अॅपआर्मरमुळे, आकडा तोच, १३.

निनाद_टोरांटो

एसईलिनक्स असतं तर होम हलवल्यावर तिथेही अडलं असतं, फक्त कारण वेगळं. तिथे पाथ नाही, फाइलला चिकटलेलं लेबल बघतात. नव्या डिस्कवरच्या फाइलींना होमचं लेबलच नसतं. त्यावर सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट मायनस ए मायनस ई, /होम, /डेटा/होम आणि मग रीस्टोरकॉन मायनस आर. आणि एमव्ही ने हलवलेली फाइल जुनं लेबल घेऊन येते, सीपी केलेली नव्या जागेचं घेते. होममध्ये बनवलेलं पान एमव्ही ने वेबसर्व्हरच्या फोल्डरात टाकून '४०३ का येतंय' म्हणून डोकं धरून बसलेले लोक मी दर महिन्याला बघतो.

चहाटळ

ओपनसुसेवाल्यांचं काय? ते तर अॅपआर्मरचं माहेर ना?

झेंडू

माहेर इम्युनिक्स. नॉव्हेलने ती कंपनी २००५ मध्ये घेतली, सुसे तेव्हा नॉव्हेलकडेच होतं, आणि २००७ मध्ये अॅपआर्मरच्या चमूला नारळ दिला. पुढे उबंटूवाल्यांनी ते सांभाळलं, २०१० मध्ये २.६.३६ कर्नलमध्ये अधिकृत आलं. आणि आता गंमत बघा, ओपनसुसे टंबलवीडने फेब्रुवारी २०२५ पासून नव्या इन्स्टॉलला एसईलिनक्स द्यायला सुरुवात केली. जुन्या मशीनवर अॅपआर्मर आहे तसंच ठेवलं, कुणाचं चालतं मशीन परस्पर बदललं नाही. हे मला आवडलं. गेमवाल्यांची बोंब झालीच, प्रोटॉनवर (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) काही खेळ चालेनात; त्यांच्यासाठी एक बूलियन मोकळं करणारं वेगळं पॅकेज आहे.

ऋतुजा_जे

माझाही प्रश्न विचारून घेते. उबंटू २४.०४ वर काही अॅपइमेज फाइली (एकाच फाइलीत अख्खं अॅप) उघडतच नाहीत, सँडबॉक्सबद्दल काहीतरी एरर येतो. तेही हेच का?

देबू_डेबियन

हो. २४.०४ पासून सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रामला यूजर नेमस्पेस (स्वतःपुरतं वेगळं जग, ज्यात तो रूट असतो) बनवायला अॅपआर्मर आपोआप आडवा येतो. कर्नलमधले बरेच दोष त्याच वाटेने वापरले गेले होते म्हणून. पण क्रोमियमवर आधारलेली सगळी अॅप स्वतःच्या सँडबॉक्ससाठी (बंदिस्त कोपऱ्यासाठी) नेमस्पेसच वापरतात. म्हणजे एका सुरक्षेने दुसरीचा गळा धरला! नेटवर 'नो-सँडबॉक्स लावून चालवा' असा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. त्या अॅपच्या पाथपुरतं छोटं प्रोफाइल लिहा, त्यात 'यूजरएनएस' ला परवानगी द्या. चारपाच ओळींचं काम. क्वालिस या सुरक्षा कंपनीवाल्यांनी २०२५ मध्ये हे बंधन चुकवायच्या तीन वाटा दाखवल्या, हेही जाता जाता सांगतो, नाहीतर चहाटळ सांगेल.

गावठी_रूट

बघा. त्रास आम्हाला, आणि चोराला तीन वाटा.

देबू_डेबियन

चोराला आधी अख्खं मैदान होतं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. आबांच्या उपायाने पीडीएफ उघडल्या. शेवटची तिरपी रेघ मीही पहिल्यांदा विसरलो होतो, सांगून सुद्धा.

मत थोडं बदललंय. आपोआप चालू असायला हरकत नाही, पण सूचना देणारं पॅकेजही सोबत चालू द्या आणि इन्स्टॉलच्या वेळी 'होम कुठे आहे' एवढं विचारा. आता शेवटचा प्रश्न: लॅबमधली मुलं सी मध्ये स्वतः लिहिलेले प्रोग्राम चालवतात, कुणी कुठूनतरी स्क्रिप्ट आणतात. त्यांनाही हे अॅपआर्मर आवरेल ना?

आबा_टर्मिनल

नाही. ज्याला प्रोफाइल नाही तो प्रोग्राम, वरचा नेमस्पेसचा अपवाद सोडला तर, पूर्ण मोकळा. टार्गेटेड एसईलिनक्समध्येही लॉगिन केलेल्या माणसाचे प्रोग्राम साधारणपणे 'अनकन्फाइन्ड' असतात. लॅबच्या एका मशीनवर सुडो एए-स्टेटस चालवून पाहा. किती प्रोफाइल लोड झाली, किती प्रोसेस खरोखर एन्फोर्समध्ये आहेत, ते दिसेल. पहिला आकडा बघून बरे वाटते, दुसरा बघून नाही.

पाटीपेन्सिल

पाहिलं. दुसरा आकडा ३ आहे. त्यातले दोन प्रिंटरचे.

गावठी_रूट

प्रिंटर सुरक्षित हाय म्हणजे टोनर पण सुरक्षित.

आबा_टर्मिनल

मुलांच्या प्रोग्रामसाठी प्रत्येकाचे खाते वेगळे, होमचा मोड ७०० (फक्त मालकाला खुले) आणि यूलिमिट (एकाने किती प्रोसेस, किती मेमरी वापरावी याची मर्यादा). फोर्क बॉम्बचा (स्वतःच्याच प्रती काढत मशीन गोठवणाऱ्या प्रोग्रामचा) धडा शिकवायच्या आधी यूलिमिट लावा, नंतर नाही.